पावणी

कुटबणच्या धक्क्यावर आमचा बर्फाचा कारखाना.
मागच्या खोलीत, जिथे भिंतीला कान लावला
की कॉम्प्रेसरची धाप ऐकू येते,
मासळीच्या उलट्या क्रेटवर
अकरा वर्षं बसून होता आमचा सर्व्हर.
खारं वारं खाऊन त्याचे स्क्रू तांबडे झालेले.
पोटात त्याच्या
कुठल्या ट्रॉलरने किती लाद्या नेल्या,
कुणी रोख दिले, कुणी पुढच्या फेरीचा वायदा केला,
आणि 'सांता रीटा' बुडाली त्या वर्षीची उधारी,
जी पात्रांवनी मला कधी मागू दिली नाही,
खोडूही दिली नाही.

ऑगस्टात तो दोनदा बंद पडला.
ही बातमी बेंगळुरूला कशी पोचली, देव जाणे.

पहिला आला निळ्या जाकिटात, घामाने ते पाठीला चिकटलेलं.
म्हणाला, पहिलं वर्ष फुकट.
दुसरी पुण्याची, ऋजुता कानिटकर.
म्हणाली, वर्ष काय, कुणीही देतं.
आम्ही हलवाहलवसुद्धा फुकट करून देऊ,
वर चार लाखांचं क्रेडिट.
तिसऱ्याने त्या दोघांची दरपत्रकं माझ्याआधीच वाचली होती.
"त्यांच्याहून अकरा टक्के खाली.
ते उतरले, तर आम्ही आणखी उतरू."

पात्रांव बार्रेटोंनी चष्मा कपाळावर चढवला:
"हे कुपां विकतात?"
कुपां म्हणजे ढग.
होय पात्रांव, आपण बर्फ विकतो, हे ढग.
"म्हणजे आपल्यासारखंच.
वितळायच्या आत गिऱ्हाईक पाहिजे."

माझे बाबा दर वर्षी मानशीच्या पावणीला बसायचे.
शेतांच्या बांधाला जे लाकडी दार असतं,
त्यातली वर्षभराची मासळी कुणी धरायची, त्याचा लिलाव.
बाबा शेवटपर्यंत बोलायचे नाहीत.
पायाच्या अंगठ्याने माती उकरायचे
आणि 'तीन वेळा' म्हणायच्या आत शंभर रुपये चढवायचे.
भरतीला दार उघडं.
शेवटे, काळुंद्रां, सुंगटां आपणहून आत येतात,
कुणी बोलवावं लागत नाही, दमडी पडत नाही.
ओहोटीलाही तेच दार.
फक्त तोंडाशी जाळं.

मासळीला पावणीत कुणी काही विचारत नाही.
मला विचारत होते, तेवढाच फरक.
म्हणून मीही तिघांना एकच विचारलं:
आणि परत न्यायचं झालं तर?

निळ्या जाकिटाने पडदा वर सरकवला,
आणखी वर, आणखी वर.
ऋजुता हसली, "पण तुम्ही का जाल?"
इतकं गोड, की क्षणभर मला खरंच कुठे जायचं नव्हतं.
तिसऱ्याने पाणी मागितलं. प्याला.
मग आवाज खाली आणून म्हणाला,
"पान एकोणतीस. तळटीप. बाहेर काढायला दर जीबीमागे पैसे.
मॅडम, मी सांगितलं असं बोलू नका."

कोष्टकात मी चौथा रकाना आखला: ओहोटी.
पात्रांवनी तो बराच वेळ वाचला
आणि सही केली ऋजुताच्या कागदावर,
कारण जेवताना तिने सुंगटांची डोकी चोखली होती.
आणि तो तिसरा? मी म्हटलं.
"खरं बोलतो. त्याची नोकरी टिकायची नाही.
मग नड आली की फोन कुणाला करणार?"

शनिवारी रात्री सगळं वर गेलं.
मी एकटीच टक्के चढताना बघत बसले.
बाहेर साळ नदीला भरती होती, की मीच तसं धरून चालले.
सत्त्याण्णववर बराच वेळ अडकलं.
'सांता रीटा' असणार.

सर्व्हर अजून क्रेटवर आहे, वायर गुंडाळून.
त्याची एक डिस्क मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे,
पात्रांवना ठाऊक आहे, विचारत नाहीत.

सोमवारी नऊला फोन. निळं जाकीट.
"ऐकलं, तिकडे गेलात. हरकत नाही.
करार कधी संपतो तेवढं सांगा."
मी लगेच बोलले नाही.
टेबलाखाली, चप्पल काढून,
अंगठ्याने फरशी उकरत राहिले.